सातारा ते सांगली विमानाने सात मिनिटं? अंतराच्या या आकड्यांचा खरा अर्थ काय

साताऱ्याच्या मामांनी परवा फॅमिली ग्रुपवर एक स्क्रीनशॉट टाकला. सातारा ते सांगली, हवाई अंतर ११० किलोमीटर, विमानप्रवासाचा वेळ ७ मिनिटं. खाली मामांचा प्रश्न : "काय गं, तुम्ही पत्रकार लोक हे का छापत नाही?"

प्रश्न गमतीचा होता, पण मी तो जरा गंभीरपणे घेतला. कारण साताऱ्यात प्रवासी विमानतळ नाही आणि सांगलीतही नाही. मग ही सात मिनिटं आली कुठून? आणि सांगली, सातारा, कराडच्या विमानतळांवरून दर निवडणुकीत जी चर्चा होते, त्यात तरी या मिनिटांचा हिशेब कुणी नीट मांडतं का?

आधी सात मिनिटांचं गणित बघू.

इंटरनेटवर 'अमुक शहर ते तमुक शहर अंतर' सांगणाऱ्या असंख्य साइट्स आहेत. लंडन-पॅरिस टाका, बर्लिन-व्हिएन्ना टाका नाहीतर सातारा-सांगली टाका, त्यांची पद्धत एकच. दोन्ही शहरांचे अक्षांश-रेखांश घ्यायचे, पृथ्वीच्या गोलावर त्यांच्यातलं सगळ्यात कमी अंतर मोजायचं आणि त्याला विमानाच्या वेगाने भागायचं. सातारा साधारण १७.६९ अंश उत्तरेला, सांगली १६.८५ अंशांवर. दोघांमधलं सरळ अंतर ११० किलोमीटरच्या आसपास भरतं. जेट विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला की उत्तर येतं सव्वासात मिनिटं. विमान कुठून उडणार आणि कुठे उतरणार, हे त्या संगणकाला कुणी विचारलेलंच नसतं.

काही साइट्स जरा प्रामाणिक असतात. त्या उड्डाण आणि उतरण्यासाठी सरसकट अर्धा तास वाढवून देतात. म्हणजे सातारा-सांगली ३७ मिनिटं. हा आकडा वास्तवाच्या थोडा जवळ जातो, कारण ताशी ९०० किलोमीटर हा वेग विमानाला उंचावर, सरळ उडताना मिळतो. छोट्या मार्गांवर वापरलं जाणारं एटीआर जातीचं पंख्याचं विमान तर ताशी ५०० किलोमीटरच्या आसपासच जातं. ११० किलोमीटरच्या प्रवासात ते नीट उंचीवर पोचायच्या आधीच त्याला खाली यायला लागावं लागेल.

तिकिटावर छापलेला वेळ आणखी वेगळा असतो. दाराशी उभ्या असलेल्या विमानाची चाकं हलली तिथपासून दुसऱ्या विमानतळावर ती पुन्हा थांबली तिथपर्यंतचा हा वेळ. धावपट्टीपर्यंत रांगेत जाणं, उतरायची परवानगी मिळेपर्यंत आकाशात घिरट्या घालणं, उतरल्यावर जागा मिळेपर्यंत थांबणं, हे सगळं त्यात धरलेलं असतं.

कोल्हापूर-मुंबई : २० मिनिटांचा एक तास कसा होतो?

आपल्या भागात हे ताडून बघायला एक खरा मार्ग आहे, कोल्हापूर-मुंबई. उजळाईवाडीच्या विमानतळापासून मुंबई विमानतळापर्यंत सरळ अंतर ३०७ किलोमीटरच्या आसपास. साइटच्या हिशेबाने हा प्रवास विसेक मिनिटांत व्हायला हवा. वेळापत्रकात मात्र साधारण एक तास दिसतो.

यातला मोठा वाटा मुंबईचा आहे. मुंबईच्या जुन्या विमानतळावरच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे व्यवहारात एका वेळी एकच वापरता येते. तिच्यावर दर दीडेक मिनिटाला एक विमान चढतं किंवा उतरतं. दिल्ली, दुबई, लंडनच्या मोठ्या विमानांच्या रांगेत कोल्हापूरच्या पन्नास-सत्तर आसनी विमानालाही जागा शोधावी लागते. ही जागा, म्हणजे 'स्लॉट', हाच या मार्गाचा वर्षानुवर्षांचा रडगाणं झालेला विषय.

कोल्हापूरचा विमानतळ काही आजचा नाही. ५ जानेवारी १९३९ ला, राजाराम महाराजांच्या काळात तो सुरू झाला. पण नियमित प्रवासी सेवा कधी आहे, कधी नाही, असंच बराच काळ चाललं. केंद्राची 'उडान' योजना २०१६ मध्ये आली. छोट्या शहरांच्या मार्गांवर निम्म्या जागांचं भाडं तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांच्या आसपास ठेवायचं आणि कंपनीचा तोटा ठरावीक काळ सरकारने भरून द्यायचा, अशी तिची रचना होती. एप्रिल २०१८ मध्ये एअर डेक्कनने कोल्हापूर-मुंबई सुरू केली, ती फार टिकली नाही. मग ट्रूजेट आली, तीही थांबली. ऑक्टोबर २०२२ मध्ये स्टार एअरने हा मार्ग पुन्हा सुरू केला. मार्च २०२४ मध्ये नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं. हैदराबाद, बंगळूरची विमानंही इथून उडू लागली.

म्हणजे सांगलीच्या माणसासाठी पन्नासेक किलोमीटरवर एक चालता विमानतळ आहे. आता घरापासून घरापर्यंतचा हिशेब करून बघू. सांगलीतून जयसिंगपूर, हातकणंगले करत उजळाईवाडीला पोचायला सव्वा तास. (अंकली-चोकाक रस्त्याची अवस्था ज्यांना माहीत आहे, ते इथे दीड तास धरतील.) विमानाच्या किमान तासभर आधी पोचायचं. विमानात एक तास. मुंबईत उतरून बॅग घेऊन बाहेर यायला अर्धा तास, पुढे दादर किंवा फोर्टला जायला तासभर. झाले पावणेपाच तास. गाडीने सांगली-मुंबई सुमारे पावणेचारशे किलोमीटर, सात ते आठ तास. वाचले अडीच-तीन तास.

अडीच तास कमी नाहीत. सकाळी जाऊन हायकोर्टातलं किंवा मंत्रालयातलं काम करून परत यायचं असेल तर ते फार मोलाचे. पण आठवड्यातल्या ज्या दिवशी विमान नाही किंवा ज्या दिवशी ते रद्द झालं, त्या दिवशी त्यांची किंमत शून्य.

सातारकरांसाठी तर हे गणित मुळातच बसत नाही. साताऱ्याहून उजळाईवाडी सव्वाशे किलोमीटर उलट्या दिशेला. पुण्याचं लोहगाव जवळपास तेवढंच लांब, पण निदान वाटेत. आणि मुंबई गाडीने साडेचार-पाच तासांवर. लोहगावला विमान पकडून मुंबईला जाणारा सातारकर मी अजून पाहिलेला नाही.

सरळ रेषा आणि डोंगर

इथे एक गोष्ट मला नकाशा बघताना लक्षात आली, आणि ती मला सगळ्यात जास्त आवडली.

सातारा-सांगली सरळ अंतर ११०, रस्त्याने सव्वाशेच्या आसपास. म्हणजे रस्ता सरळ रेषेपेक्षा जेमतेम १२-१३ टक्के जास्त. सातारा-मुंबई सरळ अंतर साधारण १९५, रस्त्याने २५५ च्या पुढे. म्हणजे ३० टक्क्यांहून जास्त. असं का? कारण मुंबईच्या वाटेत खंबाटकी आहे, कात्रज आहे, खंडाळा आहे. आणि सांगलीच्या वाटेत कृष्णा आहे. साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा तिला मिळते, कराडला कोयना मिळते, आणि तिथून ती सांगलीला येते. नदीने हजारो वर्षांपूर्वीच सपाट वाट काढून ठेवली, महामार्ग आणि रेल्वे तिच्याच खोऱ्यातून आले.

म्हणून सातारा-सांगली प्रवासात विमानाने मिळवण्यासारखं फारसं काही नाहीच. इथे वेळ जातो तो अंतरामुळे नव्हे, तर तासवड्याच्या टोलनाक्यावर, कराड-मलकापूरच्या उड्डाणपुलाच्या कामात आणि पेठ नाक्याच्या पुढे. पेठ-सांगली रस्ता खड्ड्यांसाठी इतका बदनाम होता की इस्लामपूर-आष्ट्याच्या लोकांना त्यासाठी आंदोलनं करावी लागली. चौपदरी काँक्रीट रस्ता झाला की त्या भागातला प्रत्येक माणूस रोज जेवढी मिनिटं वाचवेल, तेवढी कुठलंही विमान वाचवणार नाही.

रेल्वेचंही असंच. १६ सप्टेंबर २०२४ ला कोल्हापूर-पुणे आणि हुबळी-पुणे वंदे भारत सुरू झाल्या, दोन्ही सांगली आणि साताऱ्याला थांबतात. सांगली-सातारा हा टप्पा ही गाडी दीडेक तासात पार करते. एसटीपेक्षा चांगलीच लवकर. पण पुढे सातारा-पुणे बघा. रस्त्याने ११० किलोमीटर असलेल्या या टप्प्याला रेल्वेमार्ग १४५ किलोमीटरचा, कारण तो कोरेगाव, वाठार, लोणंद, नीरा, जेजुरी असा वळसा घेतो आणि वर शिंदवणे घाट उतरतो. वंदे भारतलाही इथे अडीच तासांहून जास्त लागतात. कोल्हापूर-पुणे ३२६ किलोमीटरला सव्वापाच तास, म्हणजे ताशी ६२ किलोमीटर. गाडी नवी, रुळांची वाट जुनी. शिवाय सातारा स्टेशन माहुलीकडे, कराडचं ओगलेवाडीला. गावातून स्टेशनवर जायची रिक्षा या हिशेबात धरलेलीच नाही.

युरोपात काय झालं?

कोल्हापूर-मुंबईच्या तोडीचं युरोपातलं अंतर म्हणजे लंडन-पॅरिस. सरळ रेषेत सुमारे ३४४ किलोमीटर. विमानाच्या वेळापत्रकात सव्वा तासाच्या आसपास. एके काळी हा जगातल्या गर्दीच्या विमानमार्गांपैकी एक होता.

मग १९९४ मध्ये समुद्राखालचा बोगदा सुरू झाला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात युरोस्टार धावू लागली. आज ती लंडनच्या मध्यातून पॅरिसच्या मध्यात सव्वादोन-अडीच तासांत पोचवते. विमानाचा सव्वा तास आणि रेल्वेचे अडीच, तरी बहुसंख्य लोक रेल्वे निवडतात. कारण विमानतळावर जाणं, तिथे थांबणं आणि उतरून शहरात येणं धरलं की विमानाचा प्रवास चार तासांवर जातो.

फ्रान्स आणखी पुढे गेला. २०२१ च्या कायद्यानुसार, ज्या शहरांमध्ये रेल्वेने अडीच तासांच्या आत जाता येतं तिथली देशांतर्गत विमानं बंद करायची, असं ठरलं. २०२३ मध्ये अंमलबजावणी झाली आणि पॅरिसच्या ऑर्ली विमानतळावरून बोर्दो, नांत, लिऑनला जाणारी विमानं थांबली. या कायद्याला पळवाटाही बऱ्याच आहेत, त्यामुळे त्याचं फार कौतुक करायला नको. पण 'विमान जलद' हे गृहीतक लहान अंतराला लागू पडत नाही, हे तिथे सरकारी पातळीवर मान्य झालं.

उलट उदाहरणही युरोपातच आहे. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांमध्ये वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे या दोन बेटांमध्ये पावणेतीन किलोमीटरचं विमान उडतं. प्रवास दोन मिनिटांच्या आत. जगातलं सगळ्यात छोटं नियमित उड्डाण. ते चालतं, कारण मध्ये समुद्र आहे. आपल्याकडे मध्ये उसाचे फड आहेत.

मग कराड आणि कवलापूरचं काय?

कराडजवळ वारुंजीला धावपट्टी आहे. कोयना धरणाच्या कामासाठी १९५५ च्या सुमाराला ती बांधली गेली. लांबी जवळपास १,२८० मीटर. छोटी खासगी विमानं, प्रशिक्षणाची विमानं, हेलिकॉप्टर यांना एवढी पुरते. भरलेल्या एटीआरला, तेही उन्हाळ्यात, ती तोकडी पडते. म्हणून विस्ताराचा प्रस्ताव अनेक वर्षं पुढे येतो, आणि वारुंजी, मुंढे, केसे परिसरातले शेतकरी त्याला विरोध करतात. जमीन साधीसुधी नाही. कृष्णा-कोयनेच्या संगमाजवळची, बारमाही पाण्याची आहे. मोबदला कितीही द्या, तशी जमीन दुसरीकडे विकत मिळत नाही, हे त्यांचं म्हणणं खोडून काढणं अवघड आहे.

सांगलीजवळ तासगाव रस्त्यावर कवलापूरची जुनी धावपट्टी. साधारण १६० एकर, एमआयडीसीच्या ताब्यात. ही जागा विकू नका, विमानतळासाठी ठेवा, म्हणून सांगलीत कृती समिती उभी राहिली, आंदोलनं झाली. भावना समजण्यासारखी आहे. पण साधं मोजमाप करून बघा. दोन किलोमीटरची धावपट्टी, तिच्या दोन्ही टोकांना साठ मीटर मोकळी जागा आणि पट्ट्याची २८० मीटर रुंदी. एवढ्यालाच १४५ एकरांच्या वर जमीन लागते. टर्मिनल, विमानं उभी करायची जागा, अग्निशमन, रस्ते हे सगळं त्यानंतर. शिवाय १६० एकरांचा तुकडा बरोबर त्याच लांबट आकाराचा असायला हवा.

आणि कवलापूर ते उजळाईवाडी सरळ अंतर चाळीसेक किलोमीटर. केंद्राच्या २००८ च्या धोरणानुसार, चालू विमानतळापासून १५० किलोमीटरच्या आत नवा विमानतळ करायचा असेल तर त्याचा जुन्यावर काय परिणाम होईल हे तपासावं लागतं. त्यामागची भीती इथे तंतोतंत लागू पडते. कोल्हापूरलाच प्रवासी आणि स्लॉट मिळवताना अशी दमछाक झाली, तिथे चाळीस किलोमीटरवर दुसरा वाटेकरी आला तर दोघांच्याही ताटात अर्धी भाकरी.

'द्राक्षं विमानाने युरोपला जातील' हा मुद्दा भाषणात नेहमी येतो. तासगाव-मिरज भागातून निर्यात होणारी द्राक्षं युरोपला जातात ती शीतकंटेनरमधून, न्हावा-शेव्याहून जहाजाने. वजनाच्या मानाने स्वस्त मालाला विमानाचं भाडं परवडत नाही. त्यांचं खरं अंतर वाढलं ते २०२३ च्या अखेरीला, जेव्हा तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली आणि प्रवास दहा-पंधरा दिवसांनी लांबला. त्यावर कवलापूरचा इलाज चालणार नाही.

ज्यांना विमानाचा खराखुरा उपयोग आहे, त्यांचं नाव मात्र या चर्चेत फार कमी येतं. विटा, खानापूर, आटपाडी भागातले गलाई व्यावसायिक. सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी ही कुटुंबं केरळ, तमिळनाडूपासून बंगालपर्यंत पसरलेली आहेत. गावच्या यात्रेला, लग्नाला, आजारपणाला त्यांना दीड-दोन दिवसांचा रेल्वेप्रवास पडतो. त्यांच्यासाठी हजार-दीड हजार किलोमीटरचं विमान म्हणजे नुसती चैन नव्हे. तेच सातारा जिल्ह्यातल्या फौजी गावांचं. अपशिंग्याचा जवान काश्मीर किंवा आसामहून सुट्टीवर निघतो तेव्हा त्याचे दोन-तीन दिवस वाटेतच जातात. या लोकांना मुंबईच्या तासाभराच्या विमानापेक्षा कोल्हापुरातून किंवा पुण्यातून लांबच्या शहरांना थेट उड्डाणं जास्त कामाची. आणि त्या विमानांच्या वेळेला जोडलेली, विट्याहून, कराडहून, सांगलीहून सुटणारी साधी एसटी. हा खर्च विमानतळाच्या तुलनेत काहीच नाही.

तरीही कवलापूरची जागा विकून टाकावी, असं मी म्हणणार नाही. ऑगस्ट २०१९ आठवा. सांगलीत आयर्विन पुलाखालची कृष्णा गावात शिरली, कोल्हापूरजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. जुलै २०२१ मध्ये महामार्ग पुन्हा अडला. सपाट खोऱ्यातली ती सोयीची वाट पुरात आधी बुडते. तेव्हा हेलिकॉप्टर उतरवायला, औषधं आणि माणसं आणायला एक कोरडी मोकळी जागा हाताशी असणं, याचा हिशेब मिनिटांत आणि तिकिटात मांडता येत नाही.

आणि मामांचं विमान

मामांना मी हे सगळं सांगितलं. त्यावर कळलं की त्यांना खरं विचारायचं होतं ते वेगळंच. त्यांचा मुलगा जर्मनीत आहे आणि मामा-मामी पहिल्यांदाच त्याच्याकडे निघालेत. साइटवर मुंबई-फ्रँकफर्ट आठ तास दिसतं, तिकिटावर नऊ, आणि परतीच्या तिकिटावर पुन्हा आठच. छपाईची चूक आहे का?

चूक नाही. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, त्यामुळे येताना विमानाला मागून ढकल मिळते आणि जाताना समोरून अडथळा होतो. अंतर तेच, वेळ वेगळा. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपलं आकाश बंद केलं, तेव्हापासून उत्तर भारतातून युरोपला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना आणखी मोठा वळसा पडू लागला.

विमान पहाटे तीनचं, मुंबईच्या जुन्या विमानतळावरून. नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालाय आणि साताऱ्याहून तो रस्त्याने जवळही पडतो, पण तिकीट तिथलं नाही, हे मी दोनदा तपासायला सांगितलं. तीन तास आधी पोचायचं म्हणजे रात्री बारा. साताऱ्याहून पाच तास, खंबाटकी आणि खंडाळ्यासाठी दोन तास हातचे राखून. मामा म्हणाले, "म्हणजे संध्याकाळी पाचला निघू." मामींनी आतून आवाज दिला, "चारला."